बिजागरीवरच्या दोन रेघा

म्हैसूर,
९ जून १९८८

अण्णा,

तुझ्या पायांना हात लावला आणि तू "राहू दे, राहू दे" म्हणालास, असं धरून पुढे लिहिते.

एक काम आहे. तू कोल्हापुरात राहतोस आणि उद्यमनगरातले निम्मे कारखानदार तुझ्या भाषणांना भिऊन तुला चहा पाजतात, म्हणून तुलाच सांगते. इथे कोणाला विचारायची सोय नाही.

यांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना फिटरचं काम शिकवलेला माणूस घरी स्वस्थ थोडाच बसणार. पुढच्या खोलीत खिडकीपाशी बाक टाकून शिसवी पेट्यांच्या पितळी बिजागऱ्या करतात. अनंतकृष्णांच्या पेट्यांच्या दुकानात आठवड्याला पन्नास तरी लागतात. एकेक अंगठ्याच्या नखाएवढी. कापायची, वळवायची, भोकं पाडायची आणि शेवटी चकचकीत करायची. या शेवटच्या कामाला यंत्र मिळतं म्हणे. टंबलर. पिंपात सुटे भाग, खडे आणि साबणाचं पाणी घालून फिरत ठेवायचं, भाग आपोआप घासून निघतात. शेजारच्या वनजाला मी टंबलर हवा म्हटलं तर ती कॉफीचा पेला घेऊन आली.

घरात ठेवता येईल असा बघ. लहान असावा. घरच्या विजेवर चालावा. आणि आवाज करू नये. पहिल्या दोन गोष्टींत थोडं इकडेतिकडे चालेल, तिसरीत नाही.

यांना यातलं काही कळवू नकोस. मार्गशीर्षात यांना साठ पुरी होतात, तोवर माझ्या पोटात राहू दे. उत्तर वनजाच्या पत्त्यावर घाल, पत्ता मागे लिहिला आहे.

नागरत्ना

---

कोल्हापूर,
१७ जून १९८८

नागू,

"राहू दे" म्हणालो नाही. आशीर्वाद दिला. माझा आशीर्वाद आजवर कोणाला लागू पडलेला नाही, तरी देतो.

साठीची भेट म्हणून नवऱ्याला यंत्र देणारी बायको मी पहिल्यांदा बघतो आहे. शाल नाही, चांदीचं भांडं नाही, यंत्र! फार बरं वाटलं. दोन दिवस उद्यमनगर पालथं घातलं. तीन प्रकार बघितले. पहिला लोखंडी अष्टकोनी पिंप, ओतशाळेत असतं तसं. त्यात म्हैस मावेल. ते सोड. दुसरा थरथरणारा. उघडं भांडं स्प्रिंगांवर बसवलेलं असतं, मोटर लावली की सगळं भांडं थरथरतं आणि आतला माल घासून निघतो. तीन तासांत काम होतं. आवाज मात्र खवळलेल्या मोहोळासारखा. तिसरा म्हणजे आतून रबर लावलेलं घागरीएवढं पिंप. दोन रुळांवर आडवं पडून सावकाश फिरतं, मिनिटाला तीस फेरे. आवाज बेताचा, पण दहा-बारा तास खातं.

माझं मत, दुसरा घे. आवाजाला तू का भितेस? लहानपणी भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा घरमालकाची झोप मोडेल म्हणून आई दुपारी भांडी घासत नसे, आठवतं? मी पस्तीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर उभं राहून एकच सांगत आलो. देवळातली घंटा वाजते, लग्नात बँड वाजतो, तुमच्या म्हैसुरात हत्तीपुढे नगारे वाजतात, त्यांना कोणी जाब विचारत नाही. आणि काम करणाऱ्याने मात्र पाय न वाजवता चालायचं! हे मला मान्य नाही. शेजारी कुरकुरले तर त्यांना माझ्याकडे पाठव.

लगेच कळव, म्हणजे पैसे भरून टाकतो.

तुझा
हयग्रीव

---

म्हैसूर,
२६ जून १९८८

अण्णा,

तुझं भाषण वनजाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी उभ्याने वाचलं. ती म्हणाली, "कुरकुरणारी शेजारीण म्हणजे मीच की काय? आणि मला कोल्हापूरला पाठवणार?"

तिसराच प्रकार पाठव. पिंप वनजाच्या मागच्या खोलीत ठेवायचं आहे. तिची आमची भिंत एकच, तीही अर्ध्या विटेची. तिच्याकडे इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर आहे, त्याची घरघर आमच्याकडे ऐकू येते. तेवढा आवाज चालेल. त्याच्यावर नको. का, ते विचारू नकोस.

आणखी एक. कानशीचे खोल ओरखडे असले तर ते या यंत्रात जातात का, की नुसती वरवर चकाकी येते? हे नीट विचारून लिही.

अक्षर वाईट आलं आहे. बोटांना चिंध्या बांधल्या आहेत. भेगांत चिंच गेली की लेखणी धरवत नाही.

नागरत्ना

---

कोल्हापूर,
५ जुलै १९८८

नागू,

रागात लिहितो आहे, म्हणून आधी कामाचं सांगतो. पिंप काल लॉरीने निघालं. सोबत पाव हॉर्सपॉवरची मोटर, पाच किलो खडे आणि पोलादी छऱ्यांची पिशवी आहे. दुकानदार म्हणत होता, पितळेला बारीक खडे न्या. मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे खोल ओरखडे आहेत, ते मुळापासून गेले पाहिजेत, अर्धवट उपाय मी आयुष्यात केलेला नाही. दळदार, खरखरीत खडे घेतले. आधी खडे घालून बारा तास फिरव, मग ते काढून छरे घालून चार तास.

आता रागाचं. तुझ्या बोटांत चिंच कशाला? पितळ घासणं तुझं काम कधीपासून झालं? पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि सगळं लख्ख दिसलं. तिरुमलराव खिडकीपाशी बसून कारागीर म्हणवून घेणार, आणि घासायचं हलकं काम मागच्या दारी बायकोने करायचं. पिंपसुद्धा शेजारणीकडे लपवायचं, कारण साहेबांच्या कानांना त्रास नको!

या माणसाला मी फार मोठा समजत होतो. तुमच्या लग्नाच्या वर्षी त्याने मला कागद कापायची पितळी सुरी करून दिली. अजून टेबलावर आहे. मुठीपाशी दोन बारीक उभ्या रेघा आहेत, त्याची खूण. नाव का नाही कोरलंत, असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, "नाव मालकाचं असतं, खूण करणाऱ्याची. पोरांना हेच शिकवतो. खूण नाही त्या कामाला मार्क नाहीत." हे वाक्य मी किती सभांत सांगितलं, किती टाळ्या घेतल्या! आणि त्याच माणसाच्या घरात राबणारीची खूण म्हणजे बोटांवरच्या चिंध्या.

मी त्याला सविस्तर लिहिणार आहे. मला अडवू नकोस.

हयग्रीव

---

म्हैसूर,
१२ जुलै १९८८

अण्णा,

यांना लिहिलं नसशील तर लिहू नकोस. लिहिलं असशील तर ते वाटेत हरवो.

यांचे हात थरथरतात. गेल्या दिवाळीपासून. आधी डावा, आता उजवाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, "हळूहळू" म्हणाले. हळूहळू बरं होईल की हळूहळू वाढेल, ते मी विचारलं नाही.

कापणं, वळवणं साच्यात होतं, तेवढं अजून जमतं. दोन रेघांची खूणही पट्टीला धरून मारतात, पत्रा सपाट असतो तेव्हाच. पण शेवटी घासायला घेतलं की कानस सुटते आणि बिजागरीवर आडवी खाच पडते. यांना ती दिसत नाही. डोळ्यांचा दोष की मनाचा, कोण जाणे. माघात एक दिवस अनंतकृष्ण मागच्या दाराने आले. हातरुमालात चाळीस बिजागऱ्या. यांना ते अजून मेष्ट्रे, मास्तर म्हणतात. म्हणाले, "अक्का, मेष्ट्रांना सांगू नका. मी ठेवूनच घेतल्या असत्या, पण गिऱ्हाईक पेटी उघडतं आणि आधी बिजागरी बघतं." मी म्हटलं, चार दिवसांनी या. मागच्या पडवीत बसून चिंचेने, राखेने, रांगोळीच्या पुडीने घासल्या. तेव्हापासून हे पुढच्या दाराने माल देतात, तो मागच्या दाराने माझ्याकडे येतो, आणि मग दुकानात जातो. आता माझीही बोटं चालेनात, म्हणून टंबलर.

मी मोलकरीण नाही, अण्णा. मी चोर आहे.

सकाळी नऊला हे बाकावर बसतात ते शर्ट खोचून, खिशाला पेन लावून. अजूनही. तेव्हा मला माझा नवरा दिसतो. ते गेलं की खिडकीपाशी नुसता एक आजारी माणूस उरेल. आणि यांच्या कानांना काही झालेलं नाही. वर्गाकडे पाठ करून कोणत्या पोराची कानस तिरकी चालली आहे ते सांगायचे. म्हणून आवाज नको. साठीचं मी सुम्ने लिहिलं, उगीच. तुला काहीतरी कारण द्यायला हवं होतं.

नागरत्ना

---

कोल्हापूर,
१९ जुलै १९८८

नागू,

लिहिलं होतं. चार पानं. टपालात टाकायला निघालो तेव्हा पाऊस लागला म्हणून परत फिरलो. आज फाडलं.

एकदाच बोलतो, मग गप्प बसतो. त्याला सांग. ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर दाखवल्या, तो स्वतःची चूक ऐकून मोडणार नाही. माणसाला खरं ऐकण्याचा हक्क असतो, आजारी माणसाला तर जास्तच. पण घरात तू आहेस, मी नाही. हा सल्ला न मानण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे, असं मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे.

यंत्राचं. पिंप निम्म्याहून थोडं जास्त भर. बिजागऱ्यांच्या दुप्पट-तिप्पट खडे हवेत, नाहीतर बिजागऱ्याच एकमेकींवर आपटतील. पाणी सगळं जेमतेम बुडेल इतकं. बिजागऱ्या अर्ध्या उघडून टाक. चपट्या राहिल्या तर ओल्या नाण्यांसारख्या एकमेकींना चिकटतात. साबणाऐवजी रिठ्याचं पाणी चालतं, असं दुकानदार म्हणाला.

बोटांना खोबरेल लाव.

हयग्रीव

---

म्हैसूर,
२३ ऑगस्ट १९८८

अण्णा,

एक महिना तुला लिहिलं नाही, कारण भीत होते. आता भीत नाही.

पिंप वनजाच्या मागच्या खोलीत बसलं. रिठ्याला आम्ही अंटवाळ म्हणतो, ते तर घरचंच. पहिल्या खेपेला बारा तासांनी झाकण काढलं, वनजाने चाळणीत पाणी ओतलं, आणि आम्ही दोघी बघत राहिलो. एक ओरखडा नाही, अण्णा. एकही नाही. मग छरे. मग अनंतकृष्णांच्याच दुकानातला भुसा आणून त्यात कोरड्या केल्या. लग्नातल्या नव्या भांड्यांसारख्या दिसतात.

अनंतकृष्ण यावेळी पुढच्या दाराने आले. "मेष्ट्रे, अशी चमक आमच्या दुकानात आजवर आली नव्हती. आठवड्याला साठ द्या." यांनी नुसती मान हलवली. पण जेवताना भात दोनदा मागून घेतला. डॉक्टरांकडे गेलो तर आपण होऊन सांगितलं, "गोळ्या लागू पडल्या. हात सुधारला आहे, कामावरून कळतं." डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

भिंतीतून घरघर येतेच. परवा यांनी वनजाला दारात गाठलं. "घरात माणसं दोन, आणि ग्राइंडर दिवसभर. इडलीचं हॉटेल काढलंत का?" ती म्हणाली, "उडीद जुने आहेत, राव, भिजतच नाहीत." हे म्हणाले, "दुकान बदला." तिला घरात येऊन इतकं हसू आलं की पाण्याचा तांब्या सांडला.

माझी बोटं भरून आली आहेत. अक्षर बघ.

तू म्हणालास, सांग. आता काय सांगू?

नागरत्ना

---

कोल्हापूर,
२ सप्टेंबर १९८८

नागू,

पत्र वाचून मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या. शेजारच्या भाडेकरूने येऊन विचारलं, काय झालं. सांगितलं, यंत्राने माणसाला हरवायचंच असतं असं नाही, कधी ते त्याची बाजूही घेतं. तो गेला.

त्या दुकानदारालाही सांगायला गेलो होतो. तो जरा विचारात पडला. म्हणाला, त्या दळदार खड्यांत बारा तास म्हणजे पितळेला फार झाले. कडा गोल होतात, आणि वर कोरलेलं काही असेल, बारीक अक्षरं, आकडे, तर ते पुसून जातं. मी म्हटलं, बिजागरीवर कुठे अक्षरं असतात! तरी कळवून ठेवतो. वेळ निम्म्यावर आण.

तुझा
हयग्रीव

---

म्हैसूर,
९ सप्टेंबर १९८८

अण्णा,

तुझं पत्र काल, आठ तारखेला आलं. तीन दिवस आधी यायला हवं होतं.

पाच तारखेला शिक्षकदिन. यांचे जुने विद्यार्थी एक-दोन तरी येतात. यंदा वादिराज आला. यांनी शिकवलेला, आता कडकोळच्या एका कारखान्यात साच्यातून पत्रा दाबायच्या खात्यावर सुपरवायझर आहे. मुलांना घेऊन आला, सोबत शिसवी पेटी. म्हणाला, "मेष्ट्रे, आधी उघडून बघा. अनंतकृष्णांना मी मुद्दाम सांगितलं, आमच्या मेष्ट्रांच्या बिजागऱ्यांची पेटी द्या."

यांनी भिंग काढलं. झाकण उघडलं की बिजागरीच्या पानाची आतली बाजू दिसते, तिथे दोन रेघा असतात. डावी बिजागरी बघितली. उजवी बघितली. कडेवरून नख फिरवलं. पुन्हा डावी. वादिराज हसत उभा होता. मी कॉफी घेऊन दारातच थांबले, कारण तेव्हाच माझ्या लक्षात आलं. अण्णा, दीड महिना मी फक्त चकाकी बघत होते.

हे म्हणाले, "वादिराज, या माझ्या नाहीत. खूण नाही. कडा गोल आहेत. दाबून काढलेलं काम आहे, तुमच्या कडकोळसारखं. पण छान आहे. माझ्या हातून आता असं होत नाही."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सहज म्हटलं. म्हणजे त्यांना माहीत होतं.

वादिराज गेल्यावर मला म्हणाले, "अनंतकृष्ण भला माणूस आहे. माझ्या बिजागऱ्या घेतो, कुठेतरी डब्यात टाकून ठेवतो, आणि पेट्यांना बाहेरच्या लावतो. किती दिवसांपासून, कोण जाणे." मग बाकापाशी गेले, प्रत्येक कानस पुसली, तेल लावलं, कापडात गुंडाळली, खणात ठेवली. सत्र संपलं की पोरांकडून करून घ्यायचे, तसंच. गुंडाळायला अर्धा दिवस लागला. मला हात लावू दिला नाही. तेव्हापासून बाकावर वर्तमानपत्र पसरलेलं आहे. अनंतकृष्ण आले होते, त्यांना हात जोडून "पुरे झालं" म्हणाले. ते बिचारे काही न कळून माझ्याकडे बघत राहिले.

वनजाकडच्या पिशवीतल्या सगळ्या बघितल्या. एकीवरही रेघा नाहीत. बिजागरीवर कुठे अक्षरं असतात, असं तू लिहिलंस. तुझ्या टेबलावरची सुरी बघ.

आता तू सांग. गप्प राहिले तर हे समजणार की जगाने यांची दया केली. खरं सांगितलं तर कळणार की बायकोने केली. यातलं कमी काय दुखेल? तू सगळं सांगतोस ना, हे सांग.

नागरत्ना

---

कोल्हापूर,
१९ सप्टेंबर १९८८

नागू,

सुरी बघितली.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली, कारण तिन्ही सभेत वाचून दाखवण्याजोगी झाली होती. हजार माणसांना काय सांगायचं ते मला नेहमी माहीत असे. एका माणसाला काय सांगावं, ते आज येत नाही. जुलैत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं की खरं सांग. तेव्हा ते खरं दुसऱ्याच्या घरातलं होतं, आणि सोपं होतं.

एवढंच लिहितो. दुकानदार बारीक खडे देत होता, मी खरखरीत घेतले. बारा तास मी सांगितले. त्या रेघा तू पुसलेल्या नाहीत, मी पुसल्या. त्याला काही सांगायचं ठरवलंस तर हे सांग. माझ्यावर चिडला तर तेवढा वेळ तुझ्यावर चिडणार नाही.

येऊ का? येऊन काय करीन, ते माहीत नाही.

हयग्रीव

---

म्हैसूर,
२७ ऑक्टोबर १९८८

अण्णा,

तू येऊ का म्हणालास, त्याला उत्तर द्यायला महिना लावला. रागवू नकोस. रोज ठरवत होते आणि रोज राहत होतं.

एकोणीस तारखेला आयुधपूजा झाली. त्या दिवशी इथे काय असतं ते तू विसरला नसशील. सायकलवाल्यापासून बसवाल्यापर्यंत सगळे गाड्या धुऊन माळा घालतात, रस्ताभर फोडलेले कोहळे. आमच्याकडे हे दरवर्षी बाकावर लाल कापड घालून कानशी, पकडी, भिंग मांडतात आणि स्वतः कुंकू लावतात. यंदा दहा वाजले, अकरा वाजले, खण उघडला नाही. बाकावर वर्तमानपत्रच.

मी वनजाकडे गेले. दोघींनी मिळून पिंप उचललं, मोटरसकट. मागच्या दाराने नेलं होतं, ते पुढच्या दाराने आणलं. वर्तमानपत्र काढून बाकावर ठेवलं. कुंकू लावलं, शेवंतीची माळ घातली. हे खुर्चीत बसून बघत होते.

मग म्हणाले, "ही वनजाची इडली काय?"

वनजा म्हणाली, "मी निघते," आणि खरंच पळाली.

मी सगळं सांगितलं. माघापासूनचं. रुमाल, चिंच, चिंध्या, तू, लॉरी. शेवटी यांनी विचारलं, "किती आल्या परत?"

मी म्हटलं, "थोड्या. दहा-बारा."

"आठवड्याला?"

"नाही. सगळ्या मिळून."

यांनी पिंपाचं झाकण काढायला सांगितलं. आत हात घातला, मूठभर खडे काढले. हात हलत होता, निम्मे खाली सांडले. उरलेले खिडकीकडे धरून बघितले. त्रिकोणी खड्यांचे कोपरे झिजून पार गोटे झाले आहेत. "दहा-बारा बिजागऱ्यांनी एवढे झिजले?" मी खाली सांडलेले खडे वेचू लागले. म्हणाले, "साकु. पुरे," आणि खडे एकेक करून परत पिंपात टाकले.

त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी दसरा, सगळं गाव मिरवणुकीला गेलेलं, तेव्हा म्हणाले, "चालव." डोळे मिटून ऐकलं. "हे खडे लोखंडाच्या कामाचे आहेत. पितळेला कोणी घालतं? कोणी आणले?" मी तुझं नाव सांगितलं.

"हयग्रीवरावांनी? मग बरोबर आहे," म्हणाले आणि हसले. पाच सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

मी धीर करून विचारलं, भिंतीतून कधी संशय आला नाही? म्हणाले, "हा इडलीचा आवाज नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. वाटलं, वनजा काहीतरी करून विकत असेल आणि लाजत असेल. विचारणं बरं दिसलं नसतं."

अण्णा, मला वाटलं होतं की आता पुन्हा बसतील. बारीक खडे मागवू, वेळ कमी करू, रेघा राहतील, सगळं जमेल. तसं काही झालं नाही. खणात शेवटच्या चाळीस बिजागऱ्या होत्या, दुकानात न गेलेल्या. म्हणाले, "या फक्त छऱ्यांत घाल. खडे नकोत." मी म्हटलं, ओरखडे राहतील. म्हणाले, "राहू देत. माझे आहेत." चार तासांनी काढल्या. लखलखत होत्या, आणि प्रत्येकीवर आडवी खाच, तीही लखलखणारी. अनंतकृष्णांना त्या चालणार नाहीत. आम्ही दाखवल्याही नाहीत.

दोनांवर खूण मारायची राहून गेली होती. घडवलेल्या बिजागरीवर पट्टी बसत नाही, सगळा भार हातावर. यांनी रेघा मारायची पोलादी सुई घेतली. पहिलीवर दोन रेघा मारायला किती वेळ लागला ते लिहीत नाही. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. मग सुई माझ्यापुढे धरली. "दुसरीवर तू मार. घासणाऱ्यालाही खूण लागते." मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाले, "मलाही आता येत नाही. मार."

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आहेत. आमटीभात मी कालवून देते, चमचा अजून तेच धरतात. आज सकाळी शर्ट खोचला नव्हता. पिंप आमच्याकडेच आहे, बाकावर. रिकामं.

येऊ नकोस असं म्हणत नाही. ये. पण काही करायला म्हणून येऊ नकोस.

पेटीला दोन लागतात, म्हणून दोन्ही बिजागऱ्या या पाकिटात घालते आहे. तुझ्याकडे पेटी नाही, मला माहीत आहे. एकीवरच्या रेघा यांच्या, एकीवरच्या माझ्या. दोन्ही वाकड्या आहेत, कुठली कोणाची ते मलाही आता सांगता यायचं नाही. पितळ आहे, काळं पडेल. पडलं तरी घासू नकोस.

नागरत्ना